पीडितांसोबत काम करणाऱ्यांसाठी ट्रेनिंग, सोलापूर: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

प्रत्येक बॅचच्या आधी फोनवर आणि व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. काही उत्तरं लांबली आहेत कारण ती दोन ओळीत सांगून भागत नाही. घाईत असाल तर भाषेबद्दलचं आणि पहिल्या भेटीबद्दलचं तेवढं वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

हे ट्रेनिंग नक्की कुणासाठी आहे?

मार खाल्लेलं, लुटलं गेलेलं, छळलं गेलेलं माणूस ज्याच्यासमोर पहिल्यांदा तोंड उघडतं त्या प्रत्येकासाठी. सिव्हिलच्या कॅज्युअल्टीतली सिस्टर, आशा ताई, अंगणवाडी सेविका, ठाणे अंमलदार, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी, सखी वन स्टॉप सेंटरचा (पीडित बायकांना एकाच जागी मदत देणारं सरकारी केंद्र) स्टाफ, विधी स्वयंसेवक, शाळेतले सर-मॅडम, नवीन वकील, एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) करणारी पोरं, सगळे येतात. करमाळा, सांगोला, अक्कलकोट, बार्शी असे तालुक्यातून पण येतात, आणि खरं सांगायचं तर तालुक्याच्या लोकांना याची जास्त गरज आहे कारण तिथं आसपास विचारायला कुणी नसतं आणि सगळे सगळ्यांना ओळखत असतात.

मी काही समुपदेशक नाही, मला हे जमेल का?

जमेल. जिच्यावर प्रसंग ओढवलाय ती बाई शोधत शोधत समुपदेशकाकडे कधीच आधी जात नाही, ती आधी तुमच्याकडेच येते, कारण तुम्ही तिच्या ओळखीच्या असता किंवा त्या वेळी ड्युटीवर तुम्हीच असता. आम्हाला तुम्हाला थेरपिस्ट बनवायचं नाहीये. पहिला अर्धा तास नीट हाताळता आला, तिचं बोलणं ऐकता आलं आणि पुढं योग्य ठिकाणी जोडून देता आलं की तुमचं काम झालं, आणि ते काम छोटं नाहीये.

तीन-चार दिवस खर्च करून नेमकं काय शिकवता?

एकच गोष्ट, वेगवेगळ्या बाजूनं: तिला सारखं सारखं सांगायला लागू नये. मोजून बघा, नवऱ्यानं मारलेल्या बाईला आपली गोष्ट किती जणांना सांगायला लागते. शेजारणीला, आशाला, डॉक्टरला, ठाण्यातल्या अंमलदाराला, तपासी अधिकाऱ्याला, समुपदेशकाला, वकिलाला, मग कोर्टात उलटतपासणीत परत. दरवेळी ती तेच दुखणं उकरून काढते आणि दरवेळी समोरचा माणूस नवा असतो, आणि एखादा शब्द इकडचा तिकडं झाला की पुढं कोर्टात "तेव्हा तर असं म्हणाला होतात" म्हणून तिलाच खोटं पाडतात. आपण एकानं नीट ऐकलं, तिच्याच शब्दात लिहून ठेवलं, पुढच्याला नीट सांगून सोपवलं, तर तिच्या दोन फेऱ्या तरी वाचतात. कायदा, हॉस्पिटलची कागदं, मानसशास्त्र हे सगळं आम्ही शिकवतो ते याच्यासाठी.

सोलापुरात निम्म्या बायका तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात, मला मराठीच येतं. काय करायचं?

हा प्रश्न दरवेळी येतो आणि यायलाच पाहिजे. आपल्याकडं पूर्व भागात पद्मशाली घरांमधून तेलुगू, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडं कन्नड, विजापूर वेशीकडं दखनी उर्दू, तांड्यावर लमाणी. बाई बाजारात मराठी छान बोलते म्हणून आपण समजतो तिला मराठी येतं. पण दुखणं, भीती, लाज या गोष्टी माणूस आईच्या भाषेतच सांगतो.

एक प्रसंग सांगते. विडी वळणारी बाई होती, मनगट सुजून डबल झालेलं, सोबत नऊ-दहा वर्षाची मुलगी. विचारणाऱ्यानं विचारलं कसं लागलं, आई म्हणाली "कोट्टिंडु", म्हणजे मारलं त्यानं. मुलीनं खाली बघितलं आणि मराठीत सांगितलं, "पडली." कागदावर तेच आलं, पडून दुखापत. मी बाजूला बसले होते, मला तेव्हा तेलुगू येत नव्हतं, पण आई एक शब्द बोलली आणि मुलगी बोलताना तिचा चेहरा बदलला एवढं मला दिसलं आणि तरी मी गप्प बसले. ती पोर खोटारडी नव्हती. संध्याकाळी त्याच घरात बापासमोर जायचं होतं तिला.

म्हणून आमचा नियम असा की पोटच्या पोराला दुभाषा करायचं नाही, नवऱ्याला नाही, सासूला नाही, गल्लीतल्या ओळखीच्या बाईला पण शक्यतो नाही. सोबत काम करणारी सिस्टर, दुसऱ्या वॉर्डातली आशा, फोनवरून एखादी अक्का, कुणीतरी आधी ठरवून ठेवायचं, नावं नंबर लिहून ठेवायचे, वेळ आल्यावर शोधायचं नाही. दुभाष्याला आधी दोन गोष्टी सांगायच्या: ती जे बोलेल तेच सांगा, आपल्या मनानं सुधारून नको, आणि बाहेर कुठं बोलायचं नाही. आणि आपण बोलताना बघायचं बाईकडं, दुभाष्याकडं नाही. एका सत्रात आम्ही तेलुगू आणि कन्नडमधली वीस-वीस वाक्यं पाठ करून घेतो. त्यावर लगेच मुलाखत घेता येत नाही, पण "मी ऐकतेय", "घाई नाही", "इथं आता कोण नाही येणार" एवढं जरी तिच्या भाषेत बोललात ना तरी बाई खुर्चीत नीट मागं टेकून बसते, हे मी डोळ्यानं बघितलंय.

पहिल्या भेटीत काय बोलायचं आणि काय नाही बोलायचं?

"का" विचारायचं नाही. इतके दिवस का राहिलीस, तेव्हाच का नाही सांगितलं, एवढ्या रात्री तिकडं का गेलीस. आपल्याला वाटतं आपण माहिती घेतोय, तिला ऐकू येतं की चूक तुझीच. त्याऐवजी "मग काय झालं", "आता कुठं दुखतंय", "आज रात्री घरी जाणं सेफ वाटतंय का" असं विचारा.

आश्वासनं द्यायची नाहीत. ही चूक मी स्वतः केलीय. कामाला लागून वर्ष पण झालं नव्हतं, एका बाईला मी म्हणाले "मी आहे ना, आता तुला काही होणार नाही." ती माझ्या भरवशावर घरी गेली. पुढच्या आठवड्यात ती परत आली तेव्हा तिच्या कपाळावर टाके होते आणि ती मला काही म्हणाली नाही, फक्त माझ्याकडं बघितलं. तेव्हापासून मी जे माझ्या हातात आहे तेवढंच बोलते. "मी तुमच्यासोबत ठाण्यात येईन" हे माझ्या हातात आहे. "सगळं ठीक होईल" हे नाहीये.

जागतिक आरोग्य संघटनेनं यासाठी पाच पायऱ्या सांगितल्यात: ऐका, गरज विचारा, विश्वास ठेवता हे कळू द्या, सुरक्षेचं बघा, पुढच्या मदतीशी जोडा. ऐकायला सोप्या वाटतात, पण सरावाला खुर्चीत बसवलं की पहिल्याच मिनिटाला निम्मे लोक सल्ला द्यायला लागतात. आम्ही त्यांना तिथंच थांबवतो आणि परत पहिल्यापासून करायला लावतो.

आणि एक, गळा दाबला होता का हे प्रत्येक वेळी विचारा. बायका स्वतःहून सांगत नाहीत कारण त्यांना ते थोबाडीत मारण्यासारखंच एक वाटतं, आणि बाहेरून बऱ्याचदा वळ पण दिसत नाही. आवाज बसला का, गिळताना दुखतंय का, तेव्हा डोळ्यासमोर अंधारी आली का, लघवी झाली होती का, हे विचारायचं. ज्या घरात गळा दाबला गेलाय त्या घरात पुढं खून व्हायचा धोका खूप वाढलेला असतो, म्हणून तिला लगेच डॉक्टरला दाखवायचं आणि त्या दिवशी घरी पाठवायच्या आधी दहादा विचार करायचा.

हॉस्पिटलमध्ये "आधी पोलीस कम्प्लेंट करून या" म्हणतात, हे बरोबर आहे का?

अजिबात नाही. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यातल्या पीडितेवर सरकारी असो की खाजगी, प्रत्येक हॉस्पिटलनं ताबडतोब फुकट उपचार करायचेत, भारतीय नागरी सुरक्षा संहितेचं कलम ३९७ बघा, आणि नाही केले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली शिक्षा आहे. पोलिसांना कळवणं हॉस्पिटलचं काम आहे, पेशंटनं आधी कागद आणायचा नसतो. प्रौढ बाईला पोलिसात जायचं नसेल तर तिचा नकार लिहून घेऊन पण तपासणी आणि उपचार होतात.

वेळेचं लक्षात ठेवा. एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी जितकी लवकर तितकी चांगली, आणि अंगावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतात. त्यामुळं "आधी घरच्यांना विचारू, मग बघू" करत दोन दिवस घालवले की किती नुकसान होतं ते कळेल. टू फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत दोन बोटं घालून करायची ती तपासणी, सुप्रीम कोर्टानं २०१३ ला चुकीची ठरवली आणि २०२२ ला परत स्पष्ट सांगितलं की जो करेल तो गैरवर्तनाचा दोषी. अजून कुणी त्याचा उल्लेख करताना दिसला तर शांतपणे पण ठामपणे सांगायचं.

सिस्टर आणि डॉक्टरांसाठी आमचं अर्धं सत्र एमएलसीच्या, म्हणजे मेडिको-लीगल केसच्या कागदावर असतं. "असॉल्ट" एवढं लिहून सोडू नका. कुणी, कशानं, कितीदा, कधी, तिच्या शब्दात लिहा. वर ज्या बाईचं सांगितलं तिचं उजवं मनगट होतं. विडीवालीचं सूप मांडीवर असतं, डाव्या हातात पान, उजव्यानं वळायचं, दिवसाच्या हजार विड्यांवर मजुरी. मनगट गेलं म्हणजे महिनाभराचं उत्पन्न गेलं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० मध्ये बुडालेली कमाई मागता येते, पण मागायची कशाच्या जोरावर, कागदावर "किरकोळ दुखापत" असेल तर? "हात महिनाभर कामाला येणार नाही" ही एक ओळ डॉक्टरनं लिहिली असती तर वकिलाला काहीतरी धरायला मिळालं असतं.

कायदे तर बदलले ना सगळे? परत सगळं शिकायचं का?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरी सुरक्षा संहिता आली. नंबर बदलले, सासरच्या छळाचं ४९८अ आता न्याय संहितेचं कलम ८५ आहे, मॅजिस्ट्रेटसमोरचा १६४ चा जबाब आता नागरी सुरक्षा संहितेच्या १८३ खाली होतो. नंबर पाठ करायला आम्ही लावत नाही, तक्ता देतो. पण काही गोष्टी पीडितेच्या हातात द्यायच्यात त्या तोंडपाठ पाहिजेत. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्यात नोंदवून घ्यायलाच लागतो, झिरो एफआयआर म्हणतात ते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत पोलिसांनी कळवायचं असतं. लैंगिक गुन्ह्यात बाईची फिर्याद महिला अधिकाऱ्यानं नोंदवायची, आणि जिला अपंगत्व आहे तिची तिच्या घरी जाऊन, गरज असेल तर दुभाषा घेऊन.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे तसाच आहे. त्यासाठी पोलीस केस लागत नाही, संरक्षण अधिकाऱ्याकडं घरगुती घटना अहवाल भरून थेट मॅजिस्ट्रेटकडं अर्ज जातो. बाईला घरातून हाकलता येत नाही, घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या. लग्न झालेल्या बाईपुरताच हा कायदा नाही, आई, बहीण, विधवा सून सगळ्यांना चालतो. हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं, अगदी रोज या कामात असणाऱ्यांना सुद्धा.

मुलानं मला वर्गात काहीतरी सांगितलं, घरचे म्हणतात गप्प बसा. मी गप्प बसू शकते का?

नाही बसू शकत. पोक्सो कायद्यात, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठीचा २०१२ चा आहे हा, कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायचंच, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि शाळेचा किंवा संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत. घरच्यांची परवानगी लागत नाही.

पण हे मुलाला कसं सांगायचं ते महत्त्वाचं. "हे गुपित ठेवीन" असं वचन आधी देऊन बसायचं नाही, म्हणजे नंतर ते मोडायला लागत नाही. "तू सांगितलंस ते चांगलं केलंस, तुला जपायचं असेल तर मला हे अजून एका माणसाला सांगायला लागेल" असं बोलायचं. खोदून खोदून विचारायचं नाही, तो तुमचा तपास नाहीये. पुढं पोलिसांनी जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला जिथं बरं वाटतं तिथं घ्यायचा, साध्या कपड्यात, रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही, २४ तासात बाल कल्याण समितीला कळवायचं. समिती मुलासाठी एक सपोर्ट पर्सन देऊ शकते जो हॉस्पिटलपासून कोर्टापर्यंत सोबत असतो. या भूमिकेसाठी आमचा एक पूर्ण दिवस आहे, कारण सोबत असणं म्हणजे मुलाला साक्ष पढवणं नव्हे, आणि ही रेष फार बारीक आहे.

"मिटवून घ्या" असं सांगायचं का कधी?

नाही. मला माहितीय आपल्याकडं समजूत घालणं हे पुण्याचं काम समजतात, संसार वाचला म्हणतात. पण बलात्काराच्या केसमध्ये तडजोड हा प्रकारच नाही, सुप्रीम कोर्टानं कितीदा सांगितलंय. घरगुती मारहाणीत बाईला स्वतःला परत नांदायला जायचं असेल तर तो तिचा निर्णय, आपण तिला सेफ कसं राहता येईल ते बघायचं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या नियम १४ मध्ये तर स्पष्ट आहे की समुपदेशनात नवऱ्यानं मारण्याची कारणं सांगत बसायचं नाही. "भाजी खारट झाली म्हणून मारलं" हे कारण ऐकून घेऊन आपण बाईला "जरा मीठ बघून घाल" म्हणालो की आपण मारणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसलो.

एवढं सगळं करून ती परत त्याच्याकडेच जाते. मग आपण कशाला करायचं?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण चिडलेले नसतात, दमलेले असतात. ती जाते कारण पोरं तिकडं आहेत, खोलीचं भाडं कोण देणार, माहेरी भाऊ-भावजय दोन दिवसानंतर तोंड फिरवतात, आणि कधी कधी तिचा अजून जीव असतो त्याच्यावर. आणि घर सोडायची वेळ हीच सगळ्यात धोक्याची असते, म्हणून ती तिच्या अंदाजानं थांबत असेल तर तो अंदाज बऱ्याचदा आपल्यापेक्षा खरा असतो.

आपण काय करायचं, तर परत जाताना तिच्याकडं काहीतरी असलं पाहिजे. आधार, रेशन कार्ड, विडी कामगाराचं कार्ड, बँक पासबुक यांच्या झेरॉक्स एखाद्या मैत्रिणीकडं. थोडे पैसे वेगळे. १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (पोलीस, तातडीची मदत) पाठ. शेजारणीशी ठरलेली खूण, एका ताईनं ठरवलं होतं की तिनं दुपारी दारात उलटी बादली ठेवली की शेजारणीनं फोन करायचा. आणि परत आली तर तिला "सांगितलं होतं ना" ऐकायला लागणार नाही याची खात्री. सहाव्यांदा आली तरी दार तसंच उघडं.

मी रिपोर्टर आहे किंवा आमचा ग्रुप आहे, केसबद्दल लिहिलं तर चालेल का?

लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख कळेल असं काहीही छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. नाव नाही टाकलं पण गल्ली, नवऱ्याचा कारखाना, पोरीची शाळा टाकली की सोलापूरसारख्या गावात तासाभरात कळतं कोण ते. व्हॉट्सॲप ग्रुप पण त्यात आले. आमच्या सत्रात पण केस सांगताना गाव, जात, व्यवसाय बदलूनच सांगायची अट आहे, आणि वर मी जे सांगितलं त्यातलं पण काही काही बदललेलं आहे.

नुकसान भरपाईचं काय? आम्हाला लोक पहिलं तेच विचारतात.

विचारणारच, घरात पैसा नसतो. बलात्कार, पोक्सो आणि ॲसिड हल्ल्यासाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, २०१३ पासून, आता कमाल १० लाखांपर्यंत. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं. बाकी गुन्ह्यातल्या पीडितांसाठी पण भरपाईची योजना आहे आणि ती आरोपी सापडला नाही तरी मागता येते. बायका, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न किती हे बघत नाहीत, १५१०० वर फोन लावा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच, मिनिटं महत्त्वाची असतात. अर्ज कसा भरायचा हे आम्ही प्रत्यक्ष भरून घेतो.

फक्त बायकांसाठीच आहे का? पुरुषांचं, म्हाताऱ्यांचं काय?

नाही, सगळ्यांसाठी. खून झालेल्या माणसाच्या घरचे, चोरीत मार खाल्लेले, पोरांनी घराबाहेर काढलेले आजी-आजोबा, तृतीयपंथी, लहान मुलगे. मुलग्यांचं तर विशेष सांगते, पोक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही पण आपण करतो, "पोरगा आहे, विसरून जाईल" म्हणतो. तो विसरत नाही. जातीवरून अत्याचार झाला असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ मध्ये पीडित आणि साक्षीदारांचे हक्क वेगळे दिलेत, संरक्षण, प्रवासखर्च, सुनावणीची माहिती, ते आम्ही ओळीनं वाचून घेतो.

हे ऐकून ऐकून मलाच रात्री झोप लागत नाही.

मग तुम्ही नक्की या. ही कमजोरी नाही, दुसऱ्याचं दुःख रोज अंगावर घेतलं की असं होतंच. चिडचिड, स्वतःच्या मुलीला बाहेर सोडायची भीती, किंवा उलट काहीच न वाटणं, हे न वाटणं जास्त गंभीर. प्रत्येक दिवसाचा शेवटचा पाऊण तास फक्त सहभागी लोकांसाठी ठेवलाय, त्यात केस नाही, कायदा नाही. पोलीस दादा लोक पहिल्या दिवशी गप्प बसतात, तिसऱ्या दिवशी तेच सगळ्यात जास्त बोलतात. फार त्रास होत असेल तर १४४१६ टेलीमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, फुकट आहे.

सर्टिफिकेट मिळतं का? सुट्टी मिळत नाही, काय करू?

मिळतं, पण पूर्ण दिवस हजर असाल तरच. सत्रं शनिवार-रविवारी असतात. शिफ्ट ड्युटीवाल्यांनी आधी सांगितलं तर एखादा दिवस पुढच्या बॅचमध्ये भरून काढता येतो. गड्ड्याच्या (सिद्धेश्वरच्या) यात्रेच्या आठवड्यात बॅच ठेवत नाही, पोलीस आणि हॉस्पिटल दोघांनाही तेव्हा मान वर करायला वेळ नसतो.

लहान बाळ घेऊन आलं तर चालेल का?

चालेल. शेजारच्या खोलीत सतरंजी, पाळणा आणि एक मावशी असतात. मावशींना तेलुगू पण येतं.